वाडगाभर शेवया, सहा करंज्या

करंजी ही आपल्याच घरची, असा प्रत्येक घराचा समज असतो. पिठाची पारी लाटायची, तिच्यात सारण भरायचे, कडा दाबून टाकायच्या आणि पोटात काय आहे ते खाणाऱ्यापासून पहिल्या घासापर्यंत लपवून ठेवायचे, ही युक्ती आपल्या आजीच्या आजीला सुचली आणि तिथून ती थेट आपल्या स्वयंपाकघरात आली, असेच आपण धरून चालतो. खरे म्हणजे ही युक्ती माणसाला ठिकठिकाणी सुचलेली आहे. पोलंडात पिएरोगी आहेत, तिबेटात मोमो आहेत, चीनमध्ये जिआओझ आहेत. जपान्यांनी जिआओझचे ग्योझा केले आणि ते तव्यावर टाकले. सारण बदलते, कड दुमडण्याची तऱ्हा बदलते, पण 'माझ्या हातची एकही फुटली नाही हं!' हा अभिमान सगळ्या देशांत सारखाच असणार.

यंदाच्या एप्रिलात आम्ही उभयता टोक्योला जाऊन आलो. निमित्त भाच्याचे. तो तिकडे सहा वर्षे एका संगणक कंपनीत आहे, अविवाहित आहे, आणि त्याची आई, म्हणजे आमची अक्का, पुण्यात सदाशिव पेठेत एकटी आहे. निघताना अक्काने एकच कामगिरी सोपवली.

"देवळं-बिवळं बघायची तर बघा. पण पोरगा रात्री काय जेवतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. फोनवर विचारलं की म्हणतो, जेवलो. काय जेवलास म्हटलं की म्हणतो, रामेन. आता हे रामेन म्हणजे पोटभरीचं अन्न की मधल्या वेळचं खाणं, ते मला कुणी धड सांगत नाही."

तेव्हा वाचकहो, प्रस्तुत लेख हा एका चौकशी समितीचा अहवाल समजावा. समितीचे सदस्य दोन. अध्यक्षस्थानी अर्थातच आमची सौभाग्यवती, चिटणीस मी.

भाच्याचे नेहमीचे दुकान रेल्वे फाटकाजवळच्या एका अरुंद गल्लीत आहे. दारावर निळा कापडी पडदा. तो लावलेला असला की दुकान उघडे, काढून आत नेला की बंद. पाटीची गरज नाही. आत एक लांब फळी, तिच्यापुढे नऊ स्टुले, आणि कोपऱ्यात चौघांचे एक टेबल. फळीच्या पलीकडे हातभर अंतरावर चूल. दुकान चालवणारे एक वृद्ध जोडपे. आजोबा पातेल्यापाशी, आजीबाई तव्यापाशी. आपण आत शिरलो की दोघेही खणखणीत आवाजात स्वागत करतात.

दारातच एक यंत्र आहे. त्यात पैसे टाकायचे, हव्या त्या पदार्थाचे बटण दाबायचे, की खाली चिठ्ठी पडते. ती फळीवर ठेवायची. म्हणजे पैसे आधी, जेवण मागाहून. उधारी नाही, हिशेबाची हुज्जत नाही, बक्षिशीचा तर रिवाजच नाही. सौ. म्हणाली, "म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला पैसा लागत नाही. हे बाकी चांगलं." समितीच्या दप्तरात ही पहिली नोंद झाली.

दुसरी नोंद मात्र अडचणीची. सौ. शुद्ध शाकाहारी. आणि रामेनच्या वाडग्यात जे दिसते त्यापेक्षा जे दिसत नाही ते मोठे असते. त्याचा रस्सा डुकराच्या व कोंबडीच्या हाडांचा, कधी सुक्या माशांचा. तो तासन्‌तास उकळतो. वरचा मांसाचा काप बाजूला काढता येईल, पण रश्शातून हाडे कशी वेगळी काढणार? भाच्याने तिला हे आधीच सांगून ठेवले होते. "मामी, टोक्यो स्टेशनात एक दुकान आहे, तिथे सगळंच शाकाहारी मिळतं. उद्या तिकडे नेतो. आज इथं तुझ्यासाठी फक्त भात आणि उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा." सौ. ने काही न बोलता पिशवीतून मेतकुटाची डबी काढली. भाच्याने आजीबाईंची परवानगी विचारली. त्यांनी डबी हातात घेतली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर टाकले आणि डोळे मोठे केले. पुढे त्या दोघींचे जे संभाषण झाले ते एकीचे जपानीत आणि दुसरीचे मराठीत झाले. परंतु त्यात कोणाचे काही अडल्याचे मला दिसले नाही.

मी कोकणातला, मला खाण्यापिण्याचे वावडे नाही. शिवाय समितीच्या चिटणिसाने पुरावा स्वतः चाखून पाहणे आवश्यकच असते. आजोबा काय करतात ते मी बारकाईने पाहिले. वाडगा आधी गरम पाण्याने तापवून घेतला. तळाशी मुरवलेल्या सोयाच्या मसाल्याचा एक डाव, त्यावर थोडे तेल, त्यावर रस्सा. दुसरीकडे शेवया उकळत्या पाण्यात सोडलेल्या. त्या जाळीच्या उभ्या टोपलीत काढून त्यांनी असा काही हिसका दिला की पाण्याचा थेंबन्‌थेंब निथळला. मग शेवया रश्शात, वर मांसाचे दोन काप, अर्धे अंडे, बांबूच्या आंबवलेल्या कोंबाचे तुकडे, पातीचा कांदा, आणि काठाला टेकवून समुद्री शेवाळाचा काळा कागदासारखा पापुद्रा. हे सारे दोन-तीन मिनिटांत. पण ती दोन-तीन मिनिटे साधण्यासाठी रश्श्याची हाडे पहाटेपासून चुलीवर असतात.

त्या शेवया आपल्या शेवयांसारख्या मऊ पडत नाहीत. रंग पिवळसर आणि दाताला किंचित उलट जोर देणाऱ्या. मला वाटले, अंडे घातले असेल. भाचा म्हणाला, "नाही मामा, खार." पिठात कान्सुई नावाचे खारे पाणी घालतात. त्यात सोडियम आणि पोटॅशियम यांचे कार्बोनेट असते. त्या खाराने गव्हाचा चिकटपणा घट्ट होतो आणि पिठातलीच द्रव्ये पिवळी पडतात. हे ऐकताच सौ. म्हणाली, "म्हणजे पापडखारच की!" आणि ते बरोबर आहे, दोन्ही खार एकाच कुळीतले. ज्या बाईने उन्हाळ्यात उडदाचे पीठ कुटताना खार कमी पडला तर पापडाचे काय होते ते पाहिले आहे, तिला रामेनचे अर्धे शास्त्र आधीच अवगत आहे.

उरलेले अर्धे शास्त्र रश्श्याचे. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडे एक पाचवी चव आहे, असे टोक्योच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली दाखवून दिले. कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून त्यांनी ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. रामेनवाल्याचे सारे कसब ही पाचवी चव हाडे, मासे, शेवाळ आणि सोया यांतून थेंबाथेंबाने जमवण्यात आहे.

आता भुरक्याचा मुद्दा. आपल्याकडे आमटीचा भुरका मारला की लहानपणी पाठीत धपाटा बसे. तिथे नऊच्या नऊ स्टुलांवरून भुरक्यांचा एकच गजर चालू होता, आणि कोणी कोणाकडे वळून पाहत नव्हते. वाफाळत्या शेवया वाऱ्यासकट ओढल्या की त्या निवतात आणि वास नाकापर्यंत पोहोचतो, असे त्यामागचे कारण सांगतात. साठ वर्षे दाबून ठेवलेला भुरका मी त्या रात्री मोकळेपणाने मारला. अध्यक्षांनी माझ्याकडे एकदा पाहिले. पण परदेशात असल्यामुळे धपाटा तहकूब झाला.

एवढ्यात ग्योझा आले. बशीत सहा, एकमेकांना चिकटून, तळाची तांबूस खरपूस बाजू वर करून उलटे ठेवलेले. त्यांच्या पारीला एकाच बाजूने बारीक चुण्या घालतात, मोदकाला घालतो तशा. सारणात कोबी, लसणीची पात, लसूण, आले आणि डुकराचा खिमा. मौज आहे ती शिजवण्यात. आधी तव्यावर तेलात तळ तांबूस करायचा, मग त्याच तव्यात पाणी ओतून झटकन झाकण घालायचे. वाफेने वरची बाजू शिजते. पाणी आटले की झाकण काढून पुन्हा तळ कुरकुरीत करायचा. म्हणजे करंजीचे तळणे आणि मोदकाचे उकडणे, दोन्ही एकाच तव्यात, सात-आठ मिनिटांत! सोया, व्हिनेगर आणि मिरचीचे तेल कालवून त्यात बुडवून खायचे.

परतण्याच्या आदल्या दिवशी सौ. ने भाच्याच्या दीड हात स्वयंपाकघरात ओल्या नारळाच्या करंज्या केल्या आणि डबा भरून आजीबाईंना नेऊन दिला. आजीबाईंनी आधी चुण्या मोजल्या, पसंतीची मान हलवली, मग एक करंजी मोडून आत डोकावल्या आणि गंभीरपणे विचारले, "लसूण कुठे आहे?"

ज्याला आपण आज जपानी जेवण म्हणतो त्यातले कितीतरी बाहेरून आलेले आहे. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले, तिथे चिनी वस्ती झाली आणि शेवयांचा वाडगा तिच्याबरोबर आला. १९१० साली ओझाकी कानइची या योकोहामाच्या कस्टम्समधून बाहेर पडलेल्या गृहस्थांनी टोक्योच्या आसाकुसा भागात चिनी आचारी ठेवून 'राइराइकेन' नावाचे दुकान काढले. रामेनचे घराणे बहुधा तिथपासून सांगतात. ग्योझा घरोघर गेले ते मात्र १९४५च्या पराभवानंतर. मांचुरियातून परतलेल्या लाखो जपान्यांपैकी कित्येकांपाशी काही उरले नव्हते. तिथे शिकलेला हा पदार्थ तेवढा हातात होता. भाताचे पीक बुडालेले, काळा बाजार तेजीत, आणि अमेरिकेतून येणारा गहू. या तिहींच्या मिलाफातून रस्त्यावरच्या गाड्यांवर रामेन आणि ग्योझा उभे राहिले. आज चवीने खाल्ला जाणारा हा पदार्थ एका भुकेल्या देशाने भूक भागवण्यासाठी जवळ केलेला आहे.

त्या भुकेचीच पुढची गोष्ट आंदो मोमोफुकू यांची. त्यांचा जन्म तैवानचा, १९१०चा. १९५७ साली ज्या पतसंस्थेचे ते अध्यक्ष होते ती बुडाली आणि राहत्या घराखेरीज त्यांचे सर्वस्व गेले. ओसाकाजवळच्या इकेदा गावी परसातल्या एका झोपडीत त्यांनी वर्षभर खटपट केली. शेवया तेलात तळल्या की त्यांतले पाणी उडून जाते, बारीक भोके राहतात, आणि पुढे गरम पाणी ओतताच त्या पुन्हा मऊ होतात, हे त्यांना साधले. १९५८च्या ऑगस्टात पाकिटातले 'चिकन रामेन' बाजारात आले तेव्हा त्यांचे वय ४८ होते. आपली मुले आज दोन मिनिटांत जे खातात त्याचा मूळपुरुष हाच.

आणि जपानी लोकांना आपल्याही एका माणसाने जेवण शिकवले आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली इंग्रजांची नजर चुकवून जपानात गेले. शिंजुकूच्या 'नाकामुराया' या दुकानाच्या मालकांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे आपली मुलगीही दिली. त्याच दुकानात १९२७ साली बोसांच्या हातची 'इंडो करी' सुरू झाली. 'नाकामुराया' आजही तिच्यासाठी ओळखले जाते.

आता गावोगावी अभिमान आले आहेत. साप्पोरोचे रामेन मिसोचे. हाकाताचे पांढऱ्या दाट रश्श्याचे आणि सुतासारख्या शेवयांचे. तिथे शेवया संपल्या की उरलेल्या रश्शात दुसरा घाणा मागून घेतात. फुकुशिमाकडच्या किताकाता गावात सकाळच्या न्याहारीलाच रामेन खातात. हे ऐकून कोल्हापूरकरांनी आश्चर्य करू नये. उत्सुनोमिया आणि हामामात्सु या दोन शहरांत तर ग्योझावरून हाडवैर आहे. कोणत्या शहरातली कुटुंबे वर्षाला ग्योझावर जास्त पैसे खर्चतात याचे आकडे प्रसिद्ध होतात आणि मग एकीकडे पेढे, दुसरीकडे सुतक. २०२१ साली मियाझाकीने मधेच येऊन दोघांनाही मागे टाकले! उत्सुनोमियाच्या स्टेशनाबाहेर ग्योझाच्या पारीत गुंडाळलेल्या देवीचा दगडी पुतळा आहे. २००८ साली जागा बदलताना तो मोडला, आणि गावाने तो सांधून पुन्हा उभा केला.

आमच्या दुकानातला वाडगा ८५० येनचा आणि ग्योझाची बशी ४०० येनची. तिकडे 'हजार येनची भिंत' असा शब्दच आहे. वाडग्याची किंमत हजारावर नेली की गिऱ्हाईक बिचकते, कारण रामेन हे साध्या माणसाचे जेवण अशी त्याची खूणगाठ. हजार येन म्हणजे आपले सहाशे रुपयांच्या आतबाहेर. पण जपान आपल्या दहा पोती गव्हापैकी आठांहून अधिक बाहेरून आणतो. २०२२पासून येन घसरलेला. गॅस, मांस, सारेच चढलेले. मोठ्या भांडवलाच्या साखळ्या तग धरतात. नऊ स्टुलांच्या दुकानाला त्या भिंतीखाली चेंगरावे लागते.

भाच्याने हे सांगितले आणि मग रस्सा ढवळत म्हणाला, "मामी, हे दुकानही डिसेंबरअखेर बंद होतंय. आजोबांचे गुडघे गेले. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीत आहे, तो काही परत यायचा नाही."

सौ. म्हणाली, "मग दुसरं शोधशील."

"शोधीन की. रामेनची दुकानं इथं पावलापावलावर आहेत." थोडा वेळ तो गप्प बसला. मग त्याने पहिल्या हिवाळ्याची हकीकत सांगितली. त्याला ताप आला होता. पाच दिवस खोलीत पडून होता. ऑफिसला कळवले होते. आईला कळवले नव्हते. सहाव्या दिवशी कसाबसा उठून तो या दुकानात आला आणि चिठ्ठीसाठी यंत्रात पैसे टाकू लागला, तर आजीबाईंनी आतूनच हात हलवून थांबवले. पंधरा मिनिटांनी त्याच्यापुढे जे आले ते यादीत नव्हतेच. पातळ गुरगुटा भात आणि वर एक खारवलेले आंबट फळ. तिकडे आजाऱ्याला ओकायु देतात, म्हणजे आपली पेज. "दाइजोबु?" एवढेच त्यांनी विचारले, म्हणजे, ठीक आहेस ना? आणि फळीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवून पाच बोटे वर केली. पाच दिवस तू आला नाहीस.

समितीच्या अध्यक्षांनी चमचा खाली ठेवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

जपानच्या २०२०च्या जनगणनेत १०० घरांमागे ३८ घरे एकट्या माणसाची होती. त्यांतले कितीतरी अशा फळीवर, भिंतीकडे तोंड करून, पंधरा मिनिटांत जेवून उठतात. आपल्याला ते पाहून वाईट वाटते. आपल्याकडे पंगत मोठी असे. पण आज अक्का कुणाच्या पंगतीला बसते? भाचा रात्री साडेआठला रामेन खातो तेव्हा पुण्यात पाच वाजलेले असतात, आणि अक्का एका कपाचा चहा टाकून एकटीच पीत असते. कोथरूडला आणि पार्ल्याला असे किती कप रोज एकएकटे भरले जात असतील, ते तुम्हीच मोजा.

माझे वडील १९४०च्या सुमारास पुण्यात वार लावून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्यात अन्न होते तसे ओशाळेपणही होते. पान वाढणारीचा चेहरा वाचून भात मागावा की नाही ते ठरवावे लागे, असे ते सांगत. पण गुरुवारचा मुलगा गुरुवारी आला नाही, तर त्या घरात कोणीतरी 'आज तो का नाही आला?' असे म्हणतच असे. या नऊ स्टुलांच्या दुकानात मला त्या वाराचा चांगला भाग दिसला आणि वाईट भाग दिसला नाही. भाचा पैसे मोजून जेवतो. तो कुणाचा मिंधा नाही आणि आजीबाईंवर त्याचे ओझे नाही. तरीही तो आला नाही की दिवस मोजले जातात. ही सोय कोणत्याही यंत्राच्या बटणावर नाही, आणि ती डिसेंबरअखेर बंद होत आहे.

निघताना सगळेजण 'गोचिसोसामा' म्हणून उठतात. त्या शब्दातल्या अक्षरांचा मूळ अर्थ धावाधाव असा आहे. ज्याने धावपळ करून हे अन्न जमवले, त्याला नमस्कार. आम्हीही तो शब्द जमेल तसा उच्चारला.

परत आल्यावर अक्काला साराच अहवाल सांगितला. तापाचा भाग सांगायला भाच्यानेच परवानगी दिली होती. अक्काने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या बाईंचं वय काय असेल?"

"पंचाहत्तरीच्या पुढे."

"मग बंद करतात ते बरोबरच आहे. किती दिवस तव्यापुढे उभं राहायचं तिनं?" मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "त्याला म्हणावं, दुकान बंद व्हायच्या आधी तिच्याकडून ती पेज करायला शिकून घे. आणि तिलाही कधीमधी जाऊन विचार म्हणावं, ठीक आहात ना."

समितीचा अहवाल इथे संपतो. शिफारस एकच, आणि तिला एक पैसाही खर्च नाही. या दिवाळीत फराळाची ताटे शेजारी जातीलच; पण ज्या घरात एकच माणूस राहतो, तिथले ताट मुलांच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन जा. आणि दिवाळी सरल्यावरही त्या दाराकडे लक्ष असू द्या. दोन दिवस दुधाची पिशवी बाहेरच दिसली, तर कडी वाजवायला मुहूर्त लागत नाही.